पाळणा थांबविणारे हात

गावच्या जत्रेत तुम्ही आकाशपाळण्यात नक्कीच बसला असाल. पाळणा वर गेला की पोटात गोळा येतो, खाली येताना आपण ओरडतो आणि उतरल्यावर पुन्हा एकदा बसण्यासाठी वडिलांच्या मागे लागतो. या साऱ्या गडबडीत एका माणसाकडे मात्र आपले लक्ष जात नाही. तो म्हणजे खाली उभा असलेला पाळणेवाला. प्रत्येक खुर्चीची कडी लागली आहे की नाही हे तोच पाहतो, यंत्र तोच सुरू करतो आणि एखादे पोर घाबरून रडू लागले तर पाळणा थांबवितो तोही तोच.

आता अशी कल्पना करा, की ही जत्रा वर्षातून दोन दिवस नव्हे, तर रोज भरते. तिचे मैदान सुमारे १०० चौरस किलोमीटरचे आहे. त्यात चार मोठी उद्याने आहेत, तळी आहेत, पाहुण्यांना राहण्यासाठी हॉटेले आहेत आणि पाहुण्यांना इकडून तिकडे नेणाऱ्या गाड्याही आहेत. अशी जत्रा खरोखरच आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ऑर्लँडो शहराजवळ १ ऑक्टोबर १९७१ रोजी 'वॉल्ट डिस्ने वर्ल्ड' सुरू झाले, तीच ही जत्रा. येथे सत्तर हजारांहून अधिक माणसे काम करतात.

तेथे जाऊन काय काय पाहावे, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. आपण आज तेथे पाहुणे म्हणून जायचे नाही. आपण कामावर जायचे. समजा, तुम्हाला तेथील एका रोलर कोस्टरवर नोकरी लागली आहे. चला तर मग, कामाचा पहिला दिवस सुरू करू.

पडद्यामागची वाट

पहिल्याच दिवशी तुम्हाला काही नवे शब्द शिकावे लागतील. येथे कामगाराला कामगार म्हणत नाहीत, 'कास्ट मेंबर' म्हणतात. म्हणजे नाटकातील पात्र! गणवेशाला म्हणतात वेशभूषा. पाहुण्यांना दिसतो तो भाग रंगमंच आणि न दिसणारा भाग पडद्यामागचा. रंगमंचावर आलात की तुमचे डोके दुखत असो वा घरची काळजी मनात असो, चेहरा हसराच हवा.

'मॅजिक किंगडम' या उद्यानात तर पडद्यामागच्या भागासाठी एक वेगळाच रस्ता आहे. पाहुण्यांच्या पायाखालून रुंद बोगदे गेलेले आहेत. कामगार त्यांतून ये-जा करतात आणि मालही तेथूनच जातो. पण गंमत अशी, की हे बोगदे जमिनीखाली खणलेलेच नाहीत! त्या भागात थोडे खोल खणले की पाणी लागते. मग अभियंत्यांनी काय केले? त्यांनी बोगदे जमिनीच्या पातळीवरच बांधले. शेजारी एक मोठे तळे खणायचे होते. त्या तळ्यातून निघालेली माती बोगद्यांभोवती आणि वर पसरली आणि त्यावर उद्यान उभे केले. म्हणजे पाहुणे ज्याला जमीन समजून चालतात, तो खरे तर पहिला मजला आहे. उद्यानातील कचराही हवेच्या दाबाने नळांतून ओढून नेण्याची सोय येथे सुरुवातीपासून करण्यात आली होती.

वेशभूषा करून तुम्ही या बोगद्यातून निघालात. पण कामाच्या जागी उभे राहण्यापूर्वी तुम्हाला चार शब्द पाठ करावे लागतात: सुरक्षितता, सौजन्य, देखावा आणि कार्यक्षमता. पुढे या यादीत आणखी एका शब्दाची भर पडली, पण सुरक्षिततेचे पहिले स्थान ढळले नाही. शब्द सोपे आहेत. अवघड आहे तो त्यांचा क्रम पाळणे. कसे ते आता पाहू.

इंजिन नसलेली गाडी

रोलर कोस्टरच्या गाडीला इंजिन नसते, हे ठाऊक आहे का? नेहमीच्या प्रकारात एक साखळी गाडीला ओढत उंच चढावर नेते. तेथे गाडीला स्थितिज ऊर्जा मिळते. माथ्यावर साखळी तिला सोडून देते आणि पुढचे सारे काम गुरुत्वाकर्षण करते. उतारावर स्थितिज ऊर्जेचे रूपांतर गतिज ऊर्जेत होते, चढावर पुन्हा उलट होते, आणि दर फेरीत थोडी ऊर्जा घर्षणात व हवेच्या विरोधात खर्च होते.

वेग किती होतो, हे तुम्हालाही काढता येईल. घर्षण नाही असे धरले तर २० मीटर उतारानंतर वेगाचा वर्ग = २ × ९.८ × २०, म्हणजे ३९२. याचे वर्गमूळ सुमारे १९.८. म्हणजे सेकंदाला जवळजवळ २० मीटर, ताशी सुमारे ७१ किलोमीटर! या सूत्रात गाडीचे वस्तुमान कोठेच आले नाही, हेही लक्षात घ्या. याच उद्यानात १९७५ साली सुरू झालेल्या 'स्पेस माउंटन' या कोस्टरचा कमाल वेग ताशी सुमारे ४५ किलोमीटरच आहे. पण तो एका बंद इमारतीत, अंधारात चालतो. पुढचे वळण दिसत नसल्यामुळे तोच वेग दुप्पट वाटतो.

चढावर जाताना खट् खट् खट् असा आवाज येतो, तो कसला? पुष्कळांना वाटते की साखळी कुरकुरते आहे. तसे नाही. गाडीखाली एक लोखंडी खिटी असते आणि रुळाच्या मधोमध करवतीसारखे दाते असतात. खिटी प्रत्येक दात्यावरून पुढे घसरते आणि त्यामागे अडकते. साखळी तुटली तरी गाडी मागे येऊ नये, म्हणून ही योजना. तो आवाज पाहुण्यांना घाबरवितो, पण कामगाराच्या कानाला तो धीर देतो.

आता मुख्य प्रश्न. गाडी माथ्यावरून सुटली की तिचा वेग कोणाच्याच हातात नसतो. मग तुम्ही तेथे उभे राहून करायचे तरी काय?

एका विभागात एकच गाडी

तुमच्या हातात दोनच गोष्टी आहेत: गाडी सोडणे आणि न सोडणे. सारी मेख या दुसऱ्या गोष्टीत आहे.

मुंबईची लोकल तुम्ही पाहिली असेल. एकाच रुळावर एकीमागून एक गाड्या धावतात, तरी त्या एकमेकींवर आदळत नाहीत. याचे कारण म्हणजे रुळाचे विभाग पाडलेले असतात आणि पुढच्या विभागात गाडी असेल तर मागच्या गाडीला लाल सिग्नल मिळतो. रोलर कोस्टरवरही हाच नियम आहे. एका विभागात एका वेळी एकच गाडी. फरक एवढाच, की येथे सिग्नल पाहून ब्रेक लावणारा मोटरमन गाडीत नसतो. त्यामुळे ब्रेक गाडीवर नसून रुळावर बसविलेले असतात. प्रत्येक विभागाच्या शेवटी गाडीला थोपविता येईल अशी जागा असते. पुढचा विभाग मोकळा झाल्याची खूण संवेदकांकडून मिळाल्याशिवाय ती गाडीला पुढे जाऊ देत नाही.

जुन्या काळच्या लाकडी कोस्टरवर फलाटावर उभा असलेला माणूस लांब दांडा ओढून ब्रेक लावीत असे. १९५९ साली कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये पोलादी नळ्यांचे रूळ असलेला 'मॅटरहॉर्न' हा कोस्टर सुरू झाला, आणि पुढच्या काळात माणसाच्या दांड्याची जागा हळूहळू स्वयंचलित यंत्रणांनी घेतली.

या ब्रेकची रचना लक्षात ठेवण्यासारखी आहे. सायकलचा ब्रेक आपण दाबतो तेव्हा लागतो. कोस्टरवरील अनेक ब्रेक याच्या नेमके उलट असतात. ते स्प्रिंगच्या जोराने मुळातच बंद असतात आणि हवेचा दाब दिला तरच उघडतात. मग वीज गेली किंवा हवेची नळी फुटली तर काय होईल? दाब नाहीसा होईल, ब्रेक लागतील आणि गाडी थांबेल. बिघाड झाला तर यंत्राने आपोआप सुरक्षित स्थितीत यावे, हे अभियांत्रिकीचे एक मोठे तत्त्व आहे.

काही ठिकाणी चुंबकीय ब्रेक असतात. शक्तिमान चुंबकांच्या दोन रांगांमधून तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची पट्टी वेगाने गेली, की तिच्यात विद्युत्प्रवाहाचे भोवरे निर्माण होतात. लेंझच्या नियमाप्रमाणे ते ज्या गतीमुळे निर्माण झाले त्या गतीलाच विरोध करतात. या ब्रेकला वीज लागत नाही आणि त्याचे काही झिजतही नाही. मात्र त्यात एक उणीव आहे. गाडी मंद झाली की त्याचा जोरही कमी होतो, म्हणून पूर्ण थांबविण्यासाठी दुसरा ब्रेक लागतोच.

घड्याळाशी झुंज

इतकी यंत्रे राखण करीत असताना माणसाचे काय काम, असे तुम्ही विचाराल. संवेदकाला गाडी दिसते. पण आजीबाईंच्या साडीचा पदर गाडीबाहेर लोंबतो आहे, हे त्याला दिसत नाही. एखादा मुलगा मांडीवरच्या दांड्याखालून पाय सोडवू पाहतो आहे, हेही त्याला कळत नाही. म्हणून कामगार प्रत्येक दांडा हाताने ओढून पाहतो. अनेक कोस्टरवर एकाच माणसाने बटण दाबून गाडी सुटत नाही. फलाटावरील आणि नियंत्रण-फलकाजवळील अशा दोघांनी 'ठीक' म्हटल्यावरच ती हलते. दोघांपैकी एकाचा हात मागे राहिला, तर गाडी जागची हलणार नाही.

आता थोडे गणित करू. समजा, एका गाडीत २४ माणसे बसतात आणि दर ४० सेकंदांनी एक गाडी सुटते. तासाला ९० गाड्या, म्हणजे २,१६० माणसे. बाहेर रांगेत १,०८० माणसे असतील तर शेवटच्या माणसाला ३० मिनिटे थांबावे लागेल. आता दर गाडीमागे फक्त १० सेकंद जास्त लागले असे धरा. तासाला ७२ गाड्या, १,७२८ माणसे. त्याच माणसाची वेळ साडेसदतीस मिनिटांवर गेली! दहा सेकंदांत काय होते? एक दांडा पुन्हा ओढून पाहता येतो.

पाहा, पेच येथे आहे. रांगेतील माणसे उन्हात तापलेली आहेत. त्यांनी या दिवसासाठी बरेच पैसे मोजले आहेत. समोरचे घड्याळ सेकंद मोजते आहे. तुमच्या मनात घाई आहे आणि हातात दांडा आहे. ते चार शब्द आठवा. कार्यक्षमता महत्त्वाची आहे, पण ती चौथी आहे. सुरक्षितता पहिली.

तेवढ्यात रांगेतून एक लहान मुलगी पुढे येते. स्पेस माउंटनवर बसण्यासाठी किमान उंची ११२ सेंटिमीटर लागते. तुमच्याही कोस्टरवर तोच नियम आहे असे धरू. मुलगी दोन बोटे कमी भरते. तिचे आईवडील म्हणतात, "दोन बोटांनी काय होते? आम्ही किती लांबून आलो!" मुलीचे डोळे भरून येतात. तुम्ही काय कराल?

नियम करणाऱ्याने ती उंची उगीच ठरविलेली नाही. बैठक, दांडा आणि वळणावर शरीरावर येणारे बल यांच्या हिशेबातून ती आली आहे. लहान शरीराला दांडा नीट धरून ठेवू शकत नाही. तुम्ही खाली बसता, तिच्या डोळ्यांना डोळे भिडवता आणि गोड शब्दांत 'नाही' म्हणता. सौजन्य दुसरे आहे, म्हणून शब्द गोड. सुरक्षितता पहिली आहे, म्हणून उत्तर 'नाही'. असे 'नाही' म्हणणे हा या नोकरीतील सर्वांत अवघड भाग आहे. तो कोणत्याही यंत्राला जमत नाही.

ऊन, घाम आणि वीज

दुपार झाली. फ्लोरिडातील उन्हाळा आपल्या कोकणातील मे महिन्यासारखा असतो. ऊन कडक आणि हवा दमट. तुमचा एक मित्र मोठ्या कार्टूनच्या केसाळ वेशात मुलांशी हस्तांदोलन करतो आहे. त्याच्या शरीराचे काय होत असेल?

चालताफिरता माणूस सुमारे ३०० वॅट दराने उष्णता निर्माण करतो असे धरू. तासाला ही उष्णता १,०८० किलोज्यूल झाली. एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता निघून जाते. म्हणजे तासाला जवळजवळ अर्धा लिटर घाम वाळला पाहिजे. 'वाळला पाहिजे' हे महत्त्वाचे. नुसता गळून उपयोग नाही. दमट हवेत तो नीट वाळत नाही, आणि केसाळ वेशाच्या आत तर हवाच खेळत नाही. मग शरीराचे तापमान चढू लागते. म्हणून वेश घातलेल्या माणसाला थोड्या थोड्या वेळाने आत नेऊन गारव्यात बसविणे व पाणी पाजणे ही चैन नव्हे. तीही सुरक्षितताच आहे, फक्त कामगाराची.

दुपारनंतर आकाशात ढग जमतात. अमेरिकेत विजा सर्वाधिक पडतात अशा प्रदेशांत फ्लोरिडाची गणना होते. वादळ जवळ आले की उघड्यावरील उंच यंत्रे बंद करावी लागतात. तुम्हीही अंतर काढू शकता. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि त्यांना तीनने भागा. उत्तर किलोमीटरमध्ये येईल. मात्र गडगडाट ऐकू येतो याचाच अर्थ आपण विजेच्या टप्प्यात आहोत, तेव्हा हे मोजमाप घरात बसूनच करावे! आता पाहुणे पुन्हा नाराज होतात, कारण डोक्यावर अजून पाऊस नाही. आणि तुम्ही पुन्हा हसतमुखाने 'नाही' म्हणता.

एका रात्रीचा धडा

हा क्रम चुकला तर काय होते? याचे उत्तर दुःखद आहे, पण तुम्हाला ते ठाऊक असले पाहिजे.

डिस्ने वर्ल्डमध्ये पाहुण्यांची ने-आण करण्यासाठी एकाच तुळईवरून धावणारी मोनोरेल आहे. ५ जुलै २००९ रोजी पहाटे दोनच्या सुमारास दिवसभराचे काम संपत आले होते. एक गाडी मागे घेऊन दुसऱ्या तुळईवर न्यायची होती. त्यासाठी तुळईचा सांधा बदलावा लागतो. तो बदललाच गेला नाही, आणि बदलला आहे की नाही याची खात्रीही कोणी केली नाही. चालक पुढच्या टोकाला बसला होता. मागचे त्याला दिसत नव्हते. गाड्या जवळ आल्यास थांबविणारी यंत्रणा होती, पण गाडी मागे घेताना ती बाजूला ठेवण्याची रीत होती. गाडी त्याच तुळईवरून मागे गेली आणि स्थानकातील दुसऱ्या गाडीवर आदळली. त्या दुसऱ्या गाडीचा चालक अवघा २१ वर्षांचा होता. तो दगावला.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी केली. मंडळाने एका माणसाच्या चुकीवर बोट ठेवून विषय संपविला नाही. गाडी मागे घेण्याच्या कामासाठी ठरलेली कार्यपद्धतीच नव्हती आणि त्यातून असुरक्षित सवय पडत गेली, असा निष्कर्ष मंडळाने काढला. दुर्घटनेनंतर कामाच्या पद्धती बदलण्यात आल्या.

या धड्याचा अर्थ नीट समजून घ्या. माणूस चुकणारच. रात्री दोन वाजता थकलेला माणूस तर नक्की चुकणार. म्हणून चांगली व्यवस्था 'कोणी चुकू नका' असे सांगून स्वस्थ बसत नाही. एकाची चूक दुसऱ्याच्या नजरेस पडावी आणि दोघेही चुकले तरी गाडी थांबावी, अशी ती रचलेली असते. दोघांची बटणे, विभागांचे ब्रेक, चढावरची खट् खट् करणारी खिटी, साऱ्यांचे मर्म हेच.

पडदा पडल्यावर

रात्री उद्यान बंद झाले. पाहुणे हॉटेलात परतले. तुम्ही वेशभूषा परत केली आणि दुखणारे पाय घेऊन घरी निघालात. पण कोस्टरवरचे काम संपलेले नाही. आता यंत्रकामगारांची पाळी सुरू होते. रूळ, चाके, बोल्ट तपासले जातील. सकाळी रिकाम्या गाड्या फिरवून पाहतील आणि मगच पहिला पाहुणा आत येईल.

या हसऱ्या चेहऱ्यांमागे पोटाचा प्रश्नही असतो. तेथील कामगार संघटनांना पगारासाठी झगडावे लागले आहे. २०१८ साली झालेल्या करारानुसार २०२१ पर्यंत तासाचे किमान वेतन १५ डॉलरपर्यंत नेण्याचे ठरले. २०२० साली महासाथीमुळे उद्याने बंद पडली, तेव्हा कंपनीने अमेरिकेतील उद्यान-विभागातील सुमारे २८ हजार नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. आनंद विकणाऱ्या गावातही उद्याची काळजी कोणाला चुकलेली नाही.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या जत्रेत पाळण्यात बसाल, किंवा सहलीला एखाद्या मोठ्या मनोरंजन उद्यानात जाल, तेव्हा खाली उभ्या असलेल्या त्या माणसाकडे एकदा पाहा. कडी लागली का, हे तो पाहतो आहे ना? पाहत नसेल तर त्याला विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. आणि त्याने 'थांबा' म्हटले, तर त्याच्यावर रागावू नका. पाळणा फिरविणे सोपे आहे. वेळेवर थांबविण्यासाठी मात्र जाणता हात लागतो.

करून पाहा: तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची हातभर लांबीची नळी घ्या आणि ती उभी धरा. तिच्यातून आधी एक लोखंडी खिळा सोडा आणि नंतर नळीत सैलसर मावेल असा निओडिमियमचा लहान चुंबक सोडा. खाली पोहोचण्यास प्रत्येकाला किती वेळ लागतो, ते मोजा. नंतर हाच प्रयोग प्लॅस्टिकच्या नळीने करा. फरक का पडला, याचे उत्तर वरील लेखातच आहे. चुंबक लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नका. तो गिळला गेला तर जिवावर बेतू शकते.